आधीच भरलेले रकाने

लातूरच्या बाजारात सोयाबीनचा भाव विचारला तर एकच आकडा ऐकू येतो. त्याच्या पोटात आणखी तीन आकडे असतात, ते कोणी बोलून दाखवत नाही. दहा, दोन, दोन. ओलावा दहा टक्के, माती-कचरा दोन टक्के, डागी दाणा दोन टक्के. तेल कारखान्यांचा भाव या प्रतीच्या मालाला धरलेला असतो. माल त्यात बसला नाही की कपात सुरू. सरकारी हमीभाव केंद्रावर ओलाव्याचा हाच आकडा बारा असतो. २०२४ च्या खरिपात बारामध्ये माल बसेना म्हणून ओरड झाली, तेव्हा केंद्र सरकारनं नोव्हेंबरात त्या एका हंगामापुरता तो पंधरावर नेला. हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये, त्यात पैशाचाही फरक झाला नाही. तरी त्या तीन टक्क्यांनी कोणाचा माल आत जाणार आणि कोणाचा ट्रॅक्टर परत फिरणार, हे बदललं.

औशाहून किंवा चाकूरहून पहिल्यांदा माल घेऊन आलेल्या पोराला हे आकडे कोणी समजावून सांगत नाही. बाजारातल्या सगळ्यांना ते ठाऊक आहेत असं बाजारानं धरून ठेवलेलं आहे. ज्याला ठाऊक नसतात त्याला हिशोबाची पट्टी हातात पडल्यावर कळतात.

मी आडत दुकानांसाठी हिशोबाचे प्रोग्राम बनवतो. लातूरचं मार्केट यार्ड, उदगीर, नांदेडचा नवा मोंढा, असलंच तर धर्माबादची मिरचीची दुकानं, एवढं माझं जग. प्रोग्राम म्हटलं की लोकांना वाटतं आतली गणितं अवघड असतील. आडतीच्या हिशोबात गणित चौथीच्या पोराला येईल इतकंच असतं: वजन गुणिले भाव, वजा हमाली, वजा तोलाई, वजा उचल. माझा वेळ जातो पडद्यावर. कोणता रकाना आधी, कोणता नंतर, कोणता मोकळा सोडायचा आणि कोणता आधीच भरून ठेवायचा. यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात जुना आणि सगळ्यात चिवट. हा आकडा समोरच्याला विचारायचा, की आपणच ठरवून टाकायचा? विचारायचा तर सेटिंगचं एक पान वाढतं. ठरवायचा तर त्याला आम्ही डिफॉल्ट म्हणतो.

आमच्याकडच्या मुनिमांची एक अख्खी पिढी टॅलीवर वाढली. टॅलीत एफ ११ दाबलं की कंपनीपुरत्या सोयी चालू-बंद करता येतात आणि एफ १२ दाबलं की ज्या पडद्यावर आहात त्या पडद्याची ठेवण. जवळजवळ जिथे जाल तिथे एफ १२ तयार. मुरलेला मुनीम नव्या दुकानात बसला की आधी एफ १२ दाबून सगळं आपल्या हाताला लावून घेतो आणि मग चष्मा पुसतो. अशा माणसाला कमी सेटिंगचा प्रोग्राम दाखवला की तो फसवल्यासारखा बघतो. उलट त्याच दुकानाच्या गल्ल्याशेजारी यूपीआयचा बोलणारा डबा असतो. आवाज वाढवा, कमी करा, बाकी काही नाही. तोही त्याच मुनिमाला आवडतो. दोन्ही आवडू शकतात हे लक्षात घेतलं नाही तर या विषयावरची भांडणं उगाच धर्मयुद्धासारखी वाटायला लागतात.

तशी ती झालीही आहेत. लिनक्सच्या जगात ग्नोम नावाची पडद्याची एक मांडणी आहे. २००२ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली आणि आधीची ढीगभर सेटिंगं तिनं काढून टाकली. त्याच वर्षी तिच्या एका कर्त्यानं, हॅवॉक पेनिंग्टननं, लेख लिहून त्यामागचा विचार मांडला. त्याचं म्हणणं असं की प्रत्येक सेटिंगची किंमत असते. ते तपासावं लागतं, दुसऱ्या सेटिंगांशी त्याचं जुळतं का ते बघावं लागतं, शिवाय खरं उपयोगी सेटिंग त्या गर्दीत सापडत नाही. आणि पुष्कळदा बनवणाऱ्यांचं आपापसात एकमत होत नाही म्हणून सेटिंग जन्माला येतं. तीन वर्षांनी लिनसनं, म्हणजे ज्याच्या नावावरून लिनक्स आलं त्या टोरवाल्ड्सनं, ग्नोमवाले वापरणाऱ्याला अडाणी समजतात म्हणून जाहीर आगपाखड केली आणि लोकांना दुसरी मांडणी वापरायला सांगितली. दोघांचं वाचलं की दोघांचं पटतं. माझा कल पेनिंग्टनकडे. पण त्याच्या मनातला वापरणारा एकटा, स्वतःच्या टेबलावर, स्वतःच्या कॉम्प्युटरपुढे बसलेला आहे. मोंढ्यात असा माणूस मला अजून भेटायचाय.

मोंढ्यात एका पडद्याभोवती चौघं असतात. बटणं दाबणारा मुलगा, त्याला महिन्याचा पगार. त्याच्या मागे गादीवर आडत्या, ज्याचं दुकान. समोर खरेदीदाराचा माणूस, घाईत. आणि बाजूला उभा शेतकरी, ज्याच्या मालाचा हिशोब चाललेला असतो आणि ज्याला पडदा दिसतच नाही, कारण पडदा आतल्या बाजूला तोंड करून ठेवलेला असतो. वापरणाऱ्याला निवडू द्या असं पुस्तकात म्हणतात तेव्हा मला विचारावंसं वाटतं, यातला कोणता?

सेटिंगचं पान उघडतं कोण, हे बघायला मी काही दुकानांत नुसता बसून राहिलो. आडत्या उघडत नाही. मुनीम एकदा उघडतो, पहिल्या दिवशी. त्यानंतर ते पान उघडतो नवा प्रिंटर बसवायला आलेला पोरगा. त्याला कागदाची लांबी बदलायची असते, आणि शेजारचं बटण खुणावतं म्हणून तो तेही दाबून बघतो. दुकानाची सगळी धोरणं ज्याच्या हातात दिली तो माणूस अर्ध्या तासात मोटारसायकलवर बसून गेलेला असतो. म्हणून प्रिंटरचं पान मी वेगळं काढलं. पैशाशी संबंध असलेली एकही गोष्ट त्याच्या आसपास ठेवली नाही.

पैशाच्या बाबतीत मी काही ठिकाणी विचारतच नाही. रुपयाचं पूर्णांकन घ्या. हिशोब ३४,२१८ रुपये ६० पैशांवर आला तर पट्टीवर काय छापायचं? जवळच्या रुपयाला न्यायचं, की पैसे सोडून द्यायचे? पैसे दर वेळी सोडले तर ते दर वेळी दुकानात राहतात. जवळच्या रुपयाला नेलं तर कधी इकडे, कधी तिकडे, आणि हंगामाच्या शेवटी फिटंफाट. माझ्या प्रोग्रामला जवळचा रुपया एवढंच कळतं. हे सेटिंग द्या म्हणून मागणी आली, येते. मी देत नाही. रक्कम किरकोळ आहे, म्हणूनच देत नाही. किरकोळ गोष्टीसाठी पडद्यावर कोणाचा कल ठरवायची सोय करून द्यायची कशाला?

हमाली-तोलाईचं तसं नाही. ते दर बाजार समितीगणिक वेगळे, आणि हमाल-मापाड्यांशी बोलणी झाली की बदलतात. इथे मी ठरवून चालणारच नाही. पण हे सेटिंगही नाही. दर बदलला तर तो अमुक तारखेपासून बदलतो. त्याआधीची पट्टी पुन्हा छापायची वेळ आली तर तिच्यावर जुनाच दर यायला हवा. म्हणजे ही तारीखवार लिहायची नोंदवही आहे. लोक ज्याला सेटिंग म्हणून मागतात त्यातलं बरंचसं असं निघतं. नीट विचारलं की त्याला तारीख असते, किंवा माल असतो, किंवा माणूस असतो, आणि मग त्याची जागा सेटिंगच्या पानावर राहत नाही.

अंकांचंच बघा. पडद्यावर अंक मराठी की इंग्रजी, हे सेटिंग सगळेच देतात. धर्माबादला निजामाबादकडचा व्यापारी मिरची घ्यायला येतो, त्याला देवनागरी अंक वाचता येत नाहीत. बिलोली-मुखेडच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला सातबाऱ्यावरच्या अंकांची सवय. दुकान एकच. सेटिंग कोणाच्या बाजूनं लावणार? मी ते कागदावर सोडलं: शेतकऱ्याच्या पट्टीवर देवनागरी अंक, खरेदीदाराच्या बिलावर इंग्रजी. कोणाला विचारावं लागलं नाही. लाखाच्या स्वल्पविरामाचा प्रश्न मात्र दर नव्या कॉम्प्युटरवर येतो. विंडोज अमेरिकी पद्धतीवर राहिलं की १२,३४,५६७ चे १,२३४,५६७ होतात आणि आडत्याला स्वतःचीच रक्कम परकी वाटते. त्याचं बोट पडद्यावर उजवीकडून डावीकडे एकं, दहं, शतं करत सरकताना पाहिलं की कळतं, कुठल्या तरी लांबच्या ऑफिसातली टिचकी किती दूरवर पोचते.

जॅरेड स्पूल नावाचा या क्षेत्रातला जाणता माणूस आहे. त्याच्या मंडळींनी मायक्रोसॉफ्ट वर्ड वापरणाऱ्यांकडून त्यांच्या सेटिंगच्या फाइली मागवल्या होत्या. पंच्याण्णव टक्क्यांहून जास्त लोकांनी काहीच बदललेलं नव्हतं. मजकूर आपोआप जतन करायची सोयसुद्धा आली तशी बंदच होती. लोकांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, कंपनीनं बंद ठेवली म्हणजे काही कारण असेल. प्रत्यक्षात कारण असं निघालं की फाइल बनवणाऱ्यानं सगळ्या जागी शून्य भरून ठेवलं होतं. आमच्या धंद्यातला हा सगळ्यात बोचरा किस्सा असेल. कोणी काही ठरवलंच नव्हतं आणि लाखो लोक त्या न ठरवण्याला शहाणपण समजून चालत होते. तेव्हापासून मोकळ्या रकान्याकडे मी संशयानंच बघतो. ओलाव्याचा रकाना मोकळा ठेवला आणि प्रोग्रामनं तो शून्य धरला तर जगात नसलेलं कोरडं ठाक सोयाबीन तयार होतं. दहा धरला तर कारखान्याचं माप न बोलता पट्टीत घुसतं. माझ्याकडे तो रकाना भरल्याशिवाय पट्टी छापली जात नाही. मुलाला यंत्रावरचा आकडा बघून टाकावाच लागतो. यात वेळ जातो. दसरा-दिवाळीच्या आवकेत, फाटकापासून ट्रॅक्टरची रांग लागलेली असताना, मला त्याबद्दल शिव्याही बसतात. "एवढं कशाला विचारलालाव?" असं एका आप्पांनी मला भर दुकानात सुनावलं होतं. त्यांचं चूक नव्हतं. सगळं विचारत बसलं तर बाजार चालणार नाही. मी त्यांना एवढंच म्हणालो की बाकीचं काही विचारत नाही, हे एक विचारतो.

क्षेत्राचा रकाना हा आणखी एक. सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो, माणूस एकर-गुंठ्यांत बोलतो. एक आर म्हणजे जवळपास एक गुंठा, हे बरं आहे. पण एक हेक्टर पाच आर लिहायचं तर ते १.०५ असं लिहावं लागतं, आणि टाकणारा सरळ १.५ टाकतो. कॉम्प्युटर त्याचे एक हेक्टर पन्नास आर करतो. पंचेचाळीस आरांचा फरक, एकराहून जास्त जमीन एका शून्यापायी. यावर ना सेटिंगचा उपाय, ना डिफॉल्टचा. रकानेच दोन करायचे, हेक्टरचा वेगळा आणि आरचा वेगळा, आणि खाली तेच एकर-गुंठ्यांत लिहून दाखवायचं. शेतकरी मग लांबूनच सांगतो, बरोबर आहे किंवा नाही.

सरकारी ॲपला नावं ठेवणं सोपं असतं, म्हणून ई-पीक पाहणीबद्दल जरा सावकाश लिहितो. १५ ऑगस्ट २०२१ पासून ती राज्यभर सुरू झाली. गाव नमुना बारावर पीक लिहायचं काम तोवर तलाठ्याचं होतं. ते शेतकऱ्याच्या फोनवर आलं. पहिल्या वर्षी बांधाबांधावर फोन वर धरून रेंज शोधणारी माणसं आम्ही सगळ्यांनी पाहिली, त्यावरचे विनोदही झाले. पण त्या ॲपमध्ये काही गोष्टी अशा होत्या की त्या करणारा माणूस गावात राहिलेला असावा. एका फोनवरून अनेक खातेदारांची नोंद करता येत होती. जगातली बहुतेक ॲपं एक फोन म्हणजे एक माणूस असं धरून चालतात. इथे तसं धरलं असतं तर म्हातारी आई, मुंबईला गेलेला चुलता आणि शेजारची विधवा बाई, सगळ्यांचे रकाने कोरे राहिले असते.

२०२२ च्या खरिपातली दुसरी आवृत्ती मला जास्त शिकवून गेली. नोंद केल्यावर ४८ तासांत ती दुरुस्त करता येऊ लागली. आमच्या धंद्यातली खोड म्हणजे माणसानं बटण दाबलं की त्याला विचारायचं, 'नक्की ना?' तो न वाचता हो म्हणतो. त्यापेक्षा दोन दिवसांची सवड कितीतरी शहाणी. रात्री जेवताना मुलगा म्हणतो, आबा, तुम्ही तूर लिहिलीच नाही. मग सकाळी ती लिहिता येते. दुसरा बदल याहून मोठा होता. शेतकऱ्यानं केलेली नोंद स्वयंप्रमाणित धरायची आणि तलाठ्यानं त्यातल्या दहा टक्के तपासायच्या, असं ठरलं. म्हणजे मधल्या काळात कोणी काही केलं नाही तर काय होणार, याचं उत्तर उलटं झालं. पडद्यावर बघाल तर एखादी ओळ इकडची तिकडे झाली असेल. पण कोणावर विश्वास ठेवून पुढे जायचं, हे त्या ओळीत ठरलं होतं. डिफॉल्टचा असा उपयोग मी दुसरीकडे क्वचित पाहिला.

एक कुरबुर तरीही आहे. आमच्याकडे सोयाबीनमध्ये तुरीचे पट्टे असतात. सोयाबीन दसरा-दिवाळीत निघतं आणि तूर संक्रांतीच्या सुमाराला. ॲप मुख्य पीक कोणतं आणि दुय्यम कोणतं ते विचारतं. शेतकऱ्याला असा प्रश्न कधी पडलेलाच नसतो. ज्या वर्षी सोयाबीन पावसानं काळं पडतं त्या वर्षी तूर मुख्य, हे त्याला जानेवारीत कळतं आणि फॉर्म ऑगस्टमध्ये भरायचा असतो.

पीक विम्यात तर न विचारलेल्या प्रश्नांनी जिल्ह्यांचे नकाशे बदलले असतील. प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ ला आली तेव्हा पीककर्ज घेणाऱ्याला ती सक्तीची होती. २०२० च्या खरिपापासून ती ऐच्छिक झाली. बातम्यांत ऐच्छिक हा शब्द मोठा छापून आला. पण ऐच्छिकचेही दोन प्रकार ठेवले गेले. कर्जदार शेतकरी आतच धरला जाणार. नको असेल तर त्यानं मुदतीच्या सात दिवस आधी बँकेत लेखी द्यायचं. बिगर कर्जदार बाहेरच धरला जाणार. हवा असेल तर त्यानं सेवा केंद्रात जाऊन अर्ज करायचा. एकाच गावातले दोघे, शेताला शेत लागून. एकानं काही केलं नाही तर त्याचा विमा निघतो, दुसऱ्यानं काही केलं नाही तर निघत नाही. एरिक जॉन्सन आणि डॅनियल गोल्डस्टीन यांनी २००३ मध्ये अवयवदानाबद्दल हेच दाखवलं होतं: जर्मनीत स्वतःहून होकार द्यावा लागे, तिथे संमती १२ टक्के, शेजारच्या ऑस्ट्रियात नकार दिला नाही तर होकार धरत, तिथे ९९.९८ टक्के. दोन्हीकडची माणसं सारखीच. आपल्याकडे अशा अभ्यासासाठी लांब जायची गरज नाही, नांदेडच्या कुठल्याही बँकेच्या काउंटरच्या दोन बाजूंना उभं राहिलं तरी पुरे.

राज्य सरकारनं २०२३ च्या खरिपात एक रुपयात विमा दिला आणि २०२५ मध्ये ती सवलत काढून घेतली, तो हिशोब वेगळा. पण नुकसान झालं तर ७२ तासांत कळवायचं, हा तेव्हाचा नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. विमा काढताना काही न करणं काहींना चालत होतं. भरपाईच्या वेळी काही न करणारा सगळ्यांत आधी बाहेर पडायचा.

आधारचं याहून गूढ आहे. सरकारी पैसे ज्या खात्याला आधार शेवटचं जोडलं गेलं त्या खात्यात जातात. फॉर्मवर तुम्ही कोणतं पासबुक जोडलं याला तिथे अर्थ नसतो. २०१७ मध्ये एअरटेलनं सिमच्या पडताळणीसोबत ग्राहकांची पेमेंट बँकेतली खाती उघडून टाकली आणि लोकांचं गॅसचं अनुदान तिकडे वळलं. डिसेंबरात आधार प्राधिकरणानं त्यांची पडताळणीची परवानगी थांबवली. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे पैसे यायला लागले तेव्हा आमच्याकडच्या बँकांपुढे बायकांच्या रांगा होत्या. पैसे आले की नाही हा पहिला प्रश्न, आणि आले तर कोणत्या बँकेत हा दुसरा. कधी तरी कुठल्या तरी शिबिरात अंगठा देऊन उघडलेलं खातं शेवटचं ठरलेलं असायचं. 'शेवटचं ते खरं' हा नियम प्रोग्रामरला लिहायला फार सोयीचा असतो, एक ओळ पुरते. मी स्वतः तो नियम पुष्कळ ठिकाणी लिहिलेला आहे. फक्त तो जिथे लागतो तिथे तो दिसला पाहिजे, असं आता वाटतं. त्या बाईला फॉर्म भरतानाच कोणी दाखवलं असतं की पैसे अमुक बँकेत जातील, तर तिची एक फेरी वाचली असती.

मला या सगळ्या वादात जे सांगायचंय ते एवढंच आहे. सेटिंगं कमी असावीत की जास्त, यावर मी आता फार भांडत नाही. आधीच भरलेला आकडा ज्याच्या खिशाला लागतो त्याला तो दिसतो का, आणि लागतो त्याच जागी दिसतो का, हे मी बघतो. सेटिंगच्या पानावर दिसणं हे दिसणं नव्हे. आमचा शेतकरी पडदा बघत नाही, पट्टी बघतो. तेव्हा पट्टीवर प्रत्येक कपातीपुढे तिचा दर छापायचा, ओलावा किती मोजला आणि किती धरला हे दोन्ही छापायचं, आणि नेहमीच्या दरापेक्षा वेगळा दर लावला असेल तर तोही तसाच छापायचा. पट्टी बोटभर लांब झाली. कागदाचा खर्च वाढला म्हणून कुरकुर झाली, ती योग्यच होती.

कागदावरून आठवलं. पूर्वी डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर आम्ही छापील पट्ट्या वापरायचो, मराठी मजकूर प्रेसमधून छापून आलेला असायचा. युनिकोडनं ती कटकट गेली, मराठी थेट छापता येऊ लागली. आणि लातूरचा ल हिंदी वळणाचा छापून यायला लागला. विंडोजवर देवनागरीसाठी बरीच वर्षं मंगल हा फॉन्ट आपोआप लागायचा, त्यातला ल हिंदी धाटणीचा. आपल्या शासनानं ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श प्रमाण धरलेले आहेत. काही नव्या फॉन्टांत दोन्ही रूपं असतात. मजकुराची भाषा मराठी आहे असं प्रोग्रामनं सांगितलं तरच मराठी रूप उमटतं, नाहीतर हिंदी. सांगायला एक ओळ लागते. मराठीत छापणाऱ्या कितीतरी प्रोग्रामांत ती ओळ नसते. एकही शेतकरी यासाठी भांडायला आला नाही, येणारही नाही. मी मात्र फॉन्ट बदलला. लातूरच्या गंजगोलाईतल्या पाट्या रंगवणारे पेंटर पाकळीचाच ल काढत आले आहेत आणि माझ्या पट्टीनं त्यांच्या शेजारी परकं दिसू नये एवढीच हौस होती. याला धंद्याचं कारण नाही.

गेल्या हंगामात एका दुकानात मुलगा नुकताच गादीवर बसायला लागला होता. शिकलेला, नम्र, हिशोबात तयार. त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "सर, वजनातून कट्ट्यामागे थोडं आपोआप वजा होईल असं करता येईल का? सगळीकडे धरतातच. रोज पोरगा हातानं करतो, कधी विसरतो." बाजार समितीच्या दरपत्रकात ही कपात नव्हती. मी म्हणालो, करता येईल, अर्ध्या दिवसाचं काम आहे. पट्टीवर 'वजनातील कपात' म्हणून वेगळी ओळ येईल, कट्ट्यामागे किती ते छापून. त्यानं विचारलं, ओळ न छापता नाही का जमणार? मी म्हणालो, माझ्या प्रोग्रामात पट्टीवर न येणारी कपात नाही. तो थोडा वेळ विचार करत राहिला, वडिलांकडे बघून आला, आणि म्हणाला, "मग राहू द्या, सर."

तिथला पोरगा ते अजून हातानंच करतो, वजन टाकण्याआधी. त्याच्या बोटांवर माझं काही चालत नाही. बाकीचं दुकान व्यवस्थित आहे, बिलाचे पैसे वेळेवर देतात, आणि त्यांनी मागितलेला दुसरा बदल, उचलीवरच्या व्याजाचा रकाना, मी सध्या करतो आहे. तोही छापूनच येईल. त्यात दर आधी भरून ठेवायचा की मोकळा, हे अजून ठरत नाही. मोकळा ठेवला तर माणूस बघून दर लागतो. भरून ठेवला तर तोच दर सगळ्या यार्डाचा होऊन बसेल, कारण माझा प्रोग्राम त्या रांगेतल्या बऱ्याच दुकानांत आहे.